मोटार-दुरुस्तीचे पुस्तक आणि कारागिराची बोली : ठाणे व कल्याण–डोंबिवली परिसराचा एक अभ्यास

स्वतःची मोटारगाडी स्वतः राखू इच्छिणाऱ्या गृहस्थाने दुरुस्तीचे कोणते पुस्तक जवळ बाळगावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजाराचा आहे, इतिहासाचा नव्हे. तथापि ठाणे आणि कल्याण–डोंबिवली ह्या पट्ट्यात १९५४ नंतर सुमारे अर्धशतक हा प्रश्न ज्या स्वरूपात उभा राहिला ते पाहिले असता त्यात कारखानदारीचा, मापनपद्धतीचा आणि भाषेचा असे तीन इतिहास एकमेकांत गुंतलेले आढळतात. गाडी इटालियन आराखड्याची, पुस्तक इंग्रजी, सुटे भाग मद्रास-बंगळूरचे आणि हात कुर्ल्याच्या अथवा कल्याणच्या कारागिराचे, असा हा मेळ होता. पुस्तकाची निवड म्हणजे ह्या मेळातील कोणती फट कोणत्या साधनाने बुजवावी, ह्याचा निर्णय होय.

प्रथम गाडीचा विचार करू. मुंबईत मोटारींच्या जुळणीचा पहिला मोठा कारखाना जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे काढला. तेथे परदेशातून आलेले भाग एकत्र जोडले जात. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, ज्यांच्याजवळ देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्याची योजना आहे अशाच कंपन्यांना वाव देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले आणि निव्वळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी येथून काढता पाय घेतला. ह्या धोरणाचा लाभ ज्यांना झाला त्यांत वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कुर्ल्याची कंपनी प्रमुख होती. तिने १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी बाजारात आणली. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ नंतरची डिलाइट आणि शेवटी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी, अशी नावे बदलत गेली; १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन मात्र तत्त्वतः तेच राहिले.

कुर्ला हे जुन्या आग्रा रस्त्यावरचे गाव. हाच रस्ता पुढे भांडुपवरून, म्हणजे लॅम्ब्रेटा स्कूटर तयार करणाऱ्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यावरून, ठाण्यास जातो. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभीच्या वसाहतींत ठाण्याच्या वागळे इस्टेटीची गणना होते. डोंबिवलीची वसाहत तिच्यामागून आली. त्यापलीकडे अंबरनाथला शस्त्रास्त्रांचा आणि यंत्रावजारांचा कारखाना होताच. तात्पर्य, मध्य रेल्वेच्या ह्या मार्गावर राहणाऱ्या मध्यमवर्गात लेथ, मायक्रोमीटर आणि फिलर गेज ह्यांच्याशी पोटापाण्याचा संबंध असणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय होते. घरच्या गाडीचे टॅपेट रविवारी सकाळी स्वतः लावण्याची हौस, अथवा काटकसर म्हणा, अशाच वस्तीत रुजते.

ह्या हौशी मालकापुढे चार प्रकारची पुस्तके होती. गाडीबरोबर मिळणारी मालकाची पुस्तिका पहिली. ती तेल केव्हा बदलावे, चाकांत हवा किती भरावी एवढे सांगून मोकळी होई आणि अवघड जागी अधिकृत विक्रेत्याकडे जाण्याचा सल्ला देई. दुसरी कारखान्याची कार्यशाळा-पुस्तिका. तीत सर्व काही असे, पण ती प्रशिक्षित कारागिरासाठी लिहिलेली असल्याने, अमुक भाग काढण्यापूर्वी तमुक काढावा लागतो हे वाचकास ठाऊकच आहे असे गृहीत धरी; शिवाय ती विक्रेत्यांच्या कपाटात राही. तिसरा प्रकार सुट्या भागांच्या सूचीचा, जिला बाजारात पार्टबुक म्हणतात. चौथा प्रकार ब्रिटनमधील स्वतंत्र प्रकाशकांच्या पुस्तकांचा.

ह्या चौथ्या प्रकाराची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. जॉन हेन्स हा ब्रिटिश हवाई दलातील अधिकारी १९६५ च्या सुमारास एडनला असताना त्याने एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडी खोलून पुन्हा जोडण्यास साहाय्य केले आणि त्या कामाची पायरीपायरीने छायाचित्रे घेतली. त्यातून १९६६ साली त्याच्या मालकांसाठीच्या पुस्तकांपैकी पहिले पुस्तक निघाले. जे एडन जवळजवळ एक शतक मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते, तेथे हा ग्रंथप्रकार जन्मला हा निव्वळ योगायोग. ह्या पुस्तकांचे मर्म असे की लेखकाने गाडी खरोखर खोललेली असते. गंजून अडकलेला बोल्ट, हात न पोहोचणारी जागा, काढताना तुटणारी क्लिप ह्यांची वार्ता कारखान्याच्या पुस्तिकेत नसते. येथे ती असते. असली इंग्रजी पुस्तके मुंबईत नवी मिळत त्याहून जुनी अधिक मिळत. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर आणि माटुंग्यास किंग्ज सर्कलपाशी जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसत, आणि ही दोन्ही ठिकाणे ठाण्या-डोंबिवलीच्या नोकरदाराच्या रोजच्या वाटेवरचीच होती.

परंतु पुस्तक हाती आले म्हणजे काम झाले असे नव्हे. फियाटचा इटलीतील वंश आणि कुर्ल्यातील वंश हळूहळू दूर गेले. इटलीत ११०० डी नंतर १९६६ साली ११०० आर आली आणि १९६९ साली तो सारा घराणाच संपला. कुर्ल्यास मात्र ११०० डी चा सांगाडा आणखी तीस वर्षे चालू राहिला. दरम्यान देशी उत्पादनाच्या धोरणानुसार गाडीचे अवयव बदलत होते. बंगळूरची मायको १९५१ साली आणि मद्रासची ल्यूकस-टीव्हीएस १९६१ साली निघाली, आणि प्लग, डायनमो, सेल्फ ह्या गोष्टी परदेशी पुस्तकात एक व प्रत्यक्ष गाडीत दुसऱ्या, अशी स्थिती झाली. परिणामी इंजिन, गिअरपेटी, ब्रेक ह्यांच्यापुरते ब्रिटिश पुस्तक विश्वसनीय, पण विजेच्या प्रकरणात ते दिशाभूल करणारे ठरे. १९७५ च्या पद्मिनीसाठी १९६४ च्या गाडीवरचे पुस्तक घेणे अनेक बाबतींत योग्य होते, आणि नावाने जवळचे, म्हणून ११०० आर वरचे पुस्तक घेणे फसगतीचे. सालाकडे आणि नावाकडे पाहून पुस्तक घेणारा येथे चुके. आपली गाडी उघडून तिच्याशी आकृत्या ताडून पाहणारा चुकत नसे.

मापांचाही घोळ होता. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि त्याची अंमलबजावणी १९५८ पासून टप्प्याटप्प्याने होत गेली; म्हणजे फियाट आली तेव्हा येथील कारखान्यांत इंच व सूत चालू होते. फियाट मात्र जन्मतः मिलिमीटरची: सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५. तिच्यासाठी दहा-अकराचा, बारा-तेराचा, चौदा-पंधराचा पाना लागे, तर उत्तरपाड्याहून येणाऱ्या अँबॅसडरला इंचांचे पाने लागत. एकाच गॅरेजात दोन्ही संच नांदत आणि मिलिमीटरच्या बोल्टवर जवळपासचा इंची पाना चढवून त्याच्या कडा गोल केल्याची उदाहरणे रोज घडत. ब्रिटिश पुस्तके दोन्ही मापे देत, हा त्यांचा गुण. आणि गंमत अशी की मिलिमीटरच्या गाडीवर काम करणारा कारागीर फट सांगताना ‘इतके थाऊ’ असेच सांगे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा अंश. इंग्रजी यंत्रशाळेतील एका शब्दाचा तुकडा येथल्या बोलीत स्वतंत्र परिमाण होऊन बसला, आणि दशमान पद्धतीच्या कायद्यासही तो हलविता आला नाही.

हवामानाविषयी एवढेच म्हणावयाचे की ब्रिटिश पुस्तकात पाणी गोठू नये म्हणून घ्यावयाच्या काळजीवर सविस्तर परिच्छेद असतो आणि ठाण्याच्या पावसाळ्यावर एक ओळही नसते. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात खाडीची खारी हवा. डेल्कोच्या टोपीत ओल धरणे, पत्र्यास खालून गंज चढणे, ब्रेकचे ड्रम भिजणे हे येथले खरे आजार. त्यांवरचे उपचार पुस्तकाने नव्हे, अनुभवाने शिकविले.

मग पुस्तक कशासाठी? ह्याचे उत्तर सिलिंडरच्या डोक्याकडे, म्हणजे कारागिराच्या भाषेत ‘हेड’कडे पाहिल्यास मिळते. फियाट ११०० चे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा. दोन धातू तापून निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. हेड बसविताना नट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, ठराविक क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आणि ठराविक जोराने आवळले नाहीत तर हेडला बाक येतो, गास्केट जळते आणि पाणी तेलात उतरते. चुकीचे फळ त्याच दिवशी दिसत नाही. महिना-दोन महिन्यांनी, बहुधा एखाद्या घाटात दिसते. म्हणून केवळ परिणामावरून शिकणाऱ्या परंपरेस ही चूक आपली म्हणून ओळखू येणे कठीण. कसलेल्या कारागिराचा कान टॅपेटचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज निमिषार्धात वेगळा करतो. ती विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. परंतु आवळण्याचा क्रम, जोराचा आकडा आणि झिजेची मर्यादा ह्या तीन गोष्टी कानाला ऐकू येत नाहीत. पुस्तकाचे खरे मोल त्या तीन गोष्टींत होते. ज्या पुस्तकात आकृत्या स्पष्ट आणि मर्यादांचे तक्ते पूर्ण, ते चांगले. बाकीचे वर्णन कितीही रसाळ असो. ह्या कसोटीवर पार्टबुकाची योग्यता लोकांनी कमी लेखली असे म्हणावे लागते. त्यात वाक्य नसते, केवळ सुटे करून मांडलेले चित्र आणि क्रमांक असतात. पण कोणता वायसर कोणत्या नटाखाली, ह्या वादाचा निकाल त्यातच लागे, आणि ऑपेरा हाऊसच्या दुकानात नेमका भाग मागता येई. शिवाय चित्राला भाषा लागत नाही.

येथे मुख्य मुद्द्याकडे यावयाचे. पुस्तक वाचणारा बहुधा मालक आणि काम करणारा बहुधा कारागीर. घरी दुरुस्ती करणाराही अवघड काम गॅरेजातच नेई. त्यामुळे त्यालाही पुस्तकातील भाषा आणि गॅरेजातील भाषा ह्यांच्यात ये-जा करावी लागे. ठाण्या-कल्याणच्या गॅरेजातील बोलीची घडण मोठी नियमबद्ध आहे. अवयवांची नावे बहुतेक इंग्रजी: प्लग, पॉइंट, कारबोरेटर, क्लचप्लेट, बुश. हत्यारांची नावे बरीचशी देशी: पाना, पक्कड, छिन्नी, कानस, हातोडी. क्रियापदे तर सर्वस्वी मराठी वा हिंदी: खोलणे, बसविणे, आवळणे, घासणे, बांधणे. ‘इंजिन बांधणे’ ह्या प्रयोगात घर बांधण्याचा अर्थ आहे, मोट बांधण्याचा नव्हे. स्क्रूच्या वळ्यांना ‘आटे’ हा जुना शब्द टिकला, कारण लोहाराकडून फिटरकडे हा व्यवसाय अखंड चालत आला; बैलगाडीच्या आसाला घालावयाचे ‘वंगण’ मात्र ‘ऑइल’ आणि ‘ग्रीस’ ह्यांच्यापुढे मागे हटले.

इंग्रजी नावांतही सर्व नावे पुस्तकी नाहीत. ज्यास पुस्तक डिस्ट्रिब्यूटर म्हणते त्यास गॅरेजात डेल्को म्हणतात. डेल्को हे १९०९ साली अमेरिकेत डेटन येथे निघालेल्या, पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झालेल्या कंपनीचे आद्याक्षरी नाव. शिवडीच्या कारखान्यातून निघालेल्या शेव्हरोलेट गाड्यांबरोबर ते येथे आले असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. जादा चाकाचे ‘स्टेपनी’ हे नाव वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आले. १९०४ साली डेव्हिस बंधूंनी तेथे असे चाक तयार केले. इंग्लंडात हा शब्द जवळजवळ विस्मृतीत गेला, येथे तो बायाबापड्यांच्या तोंडी आहे. म्हणजे पुस्तकाच्या अकारविल्हे सूचीत डेल्को अथवा स्टेपनी शोधणाऱ्यास काही सापडत नाही.

तथापि नामांची अडचण दोन दिवसांत सुटते. खरी अडचण तक्रारीच्या वाक्याची आहे. कारागिराच्या बोलीत गाडी हा कर्ता असतो: गाडी ऑइल खाते, मिसिंग मारते, सेल्फ घेत नाही, गिअर पडत नाही, पिकअप मिळत नाही. इंग्रजी पुस्तक हेच ‘तेलाचा अतिरिक्त व्यय’, ‘प्रज्वलनातील खंड’ अशा भाववाचक नामांनी सांगते आणि त्याची प्रकरणे लक्षणांनुसार नव्हे, यंत्रणांनुसार पाडलेली असतात: इंधन, शीतन, प्रज्वलन. ‘गाडी मिसिंग मारते’ ह्या एका वाक्यामागे प्लग, पॉइंट, कंडेन्सर, जेट, व्हॉल्व्ह ह्यांपैकी कोणीही असू शकतो. बोली लक्षणापासून निघते आणि पुस्तक अवयवापासून. दोहोंची गाठ पुस्तकाच्या अखेरीस असणाऱ्या दोष-निदानाच्या तक्त्यात पडते. तो तक्ता ज्या पुस्तकात विस्तृत, ते पुस्तक ह्या परिसरात अधिक उपयोगी, हा निष्कर्ष भाषेच्या अंगाने निघतो, आणि तो यंत्रविद्येच्या अंगानेही चुकीचा नाही.

ह्याच ठिकाणी मराठी परिभाषेच्या इतिहासातील एक उणीव नजरेस येते. १९६० साली राज्यात भाषा संचालनालय आणि साहित्य व संस्कृती मंडळ ह्या दोन्ही संस्था स्थापन झाल्या. पुढे परिभाषा-कोश झाले, विश्वकोश झाला. पिस्टनला दट्ट्या, व्हॉल्व्हला झडप, फ्लायव्हीलला प्रचक्र असे प्रतिशब्द योजले गेले. त्यांपैकी झडप आणि दट्ट्या हे जातिवंत शब्द आहेत. भात्याच्या आणि पंपाच्या कामात ते पूर्वीपासून होते. ज्ञानकोशीय लेखनास अशा परिभाषेची आवश्यकता होती, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु दुरुस्तीच्या पुस्तकास लागणारे द्रव्य निराळे होते. शक्ती वेचली गेली ती नामांच्या भाषांतरावर, जी कारागिराने उसनी घेऊन केव्हाच पचविली होती. आणि ज्या क्रियापदांत, लक्षणांच्या वाक्यांत मराठी स्वतः समर्थ होती, त्यांची मोजदाद झाली नाही. कोशात छापलेली भाषा गॅरेजात कोणी बोलले नाही, गॅरेजात बोललेली भाषा कोशात कोणी छापली नाही. मराठीत मोटारविद्येची जी पुस्तके झाली ती प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी. ती इंजिन म्हणजे काय ते सांगतात, समोरच्या गाडीची फट किती थाऊ ठेवावी ते सांगत नाहीत.

ह्या साऱ्याचा विलक्षण प्रत्यय १९९४ नंतर कल्याणलाच आला. प्रीमियरने फ्रान्सच्या पेजो कंपनीशी भागीदारी करून कल्याण–शीळ मार्गावर डोंबिवलीनजीक ३०९ ही गाडी काढण्यास आरंभ केला. हा उद्योग अल्पकाळातच बंद पडला आणि गाडी घेतलेल्यांस सुटे भाग व माहिती ह्या दोहोंची ददात पडली. ब्रिटनमध्ये ३०९ वर हेन्सचे पुस्तक उपलब्ध होते. म्हणजे घरापासून काही मैलांवर तयार झालेल्या गाडीसाठी विलायतेतील पुस्तक शोधण्याची पाळी आली. ते पेट्रोल गाडीपुरते चाले. डिझेल गाडीत मात्र १५२७ घनसेंटिमीटरचे जे इंजिन येथे बसविले होते ते युरोपातील ३०९ मध्ये नव्हते. तेच इंजिन पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीम ह्यांच्या डिझेल आवृत्त्यांत आले. ज्यास हे उमगले त्याने ३०९ चे नाव सोडून इंजिनाच्या नावाने पुस्तक व भाग शोधले, आणि त्याची गाडी चालत राहिली.

मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तिच्याबरोबर अधिकृत सेवाकेंद्रांचे जाळे आले आणि घरी पुस्तक उघडून बसण्याची गरज ओसरू लागली. २००० च्या आसपास उत्सर्जनाचे नियम कडक होऊन कार्ब्युरेटर व डेल्को दोन्ही नव्या गाड्यांतून गेले. त्यांच्या जागी संगणकाची पेटी आली आणि दोष ‘ऐकण्या’ऐवजी ‘वाचण्या’ची वस्तू झाला. तो वाचण्याचे यंत्र व संकेत कोणाच्या हाती असावेत, हा वाद मग जगभर सुरू झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली ह्याविषयी कायदा केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये उघडले. हेन्सनेही नव्या गाड्यांसाठी छापील पुस्तके काढणे थांबवीत असल्याचे २०२० साली जाहीर केले.

३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतरीत्या नाहीशी झाली. तिच्यावर हात बसलेले कारागीर ठाण्यात, कल्याणात अद्याप आहेत. काहींच्या गॅरेजात हौशी मालकांच्या जुन्या गाड्या येतात. त्यांच्या बोलीतील शब्दांचा संग्रह, आणि शब्दांहूनही तक्रारींच्या वाक्यांचा संग्रह, करावयाचा तर तो ग्रंथालयात बसून होणार नाही. डेल्को हा शब्द आज वीस वर्षांच्या मुलास विचारला तर तो अडखळतो. स्टेपनी मात्र त्याला ठाऊक असते, जरी काही नव्या गाड्यांत तिच्या जागी आता केवळ पंक्चर काढण्याची पेटी दिलेली असते.